पेस्तनजींच्या लिलावातलं जनावर

लिलावात उगाच नाक खाजवू नये, नाहीतर नको ती वस्तू गळ्यात पडते, असं जाणती माणसं सांगतात. मला हे कारण पुढं करता येत नाही. मी नाक खाजवलं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीवर, डोक्याला रुमाल बांधून, चारचौघांत मोठ्या आवाजात बोली लावली होती. त्यामुळं पुढं जे झालं त्याचा दोष माझ्या नाकाला देता येत नाही, तो किशनरावांनाच द्यावा लागतो.

किशनराव आमचे शेजारी. सेलूच्या कापूस बाजारात त्यांची अडत. दिवसभर गादीवर मांडी घालून बसायचं आणि लोकांच्या कापसात खोट काढायची, हा त्यांचा धंदा. माझी वकिली, म्हणजे तेच काम उभं राहून करायचं. तर झालं असं, की कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याचे पारशी मॅनेजर पेस्तनजी नोकरी सोडून मुंबईला निघून गेले आणि त्यांच्या बंगल्यातलं सामान तिथंच आवारात लिलावाला निघालं. त्यात वेताची एक आरामखुर्ची होती. ओसरीवर आरामखुर्ची असली की पक्षकाराला धीर येतो. बाजेवर बसलेल्या वकिलाला तो फी कमी करा म्हणतो. मी खुर्चीसाठीच गेलो होतो, आणि तसं घरी सांगून गेलो होतो. हे सांगून जाणंच नडलं.

किशनरावांना खुर्चीचं काय काम? पाय लोंबते सोडून बसायचं असतं हेच ज्या माणसाला जन्मात ठाऊक नाही, तो माझ्या प्रत्येक बोलीवर बोली चढवायला लागला. शेवटी खुर्ची त्यांनी घेतली. घेतली ती घेतली, तिथंच आवारात तीत आडवे झाले आणि पाय लांब करून मला म्हणाले, "वकीलसाहेब, तुमाला काई घ्यायचं न्हाई का? का नुस्तं बगायला आलते?"

नेमक्या त्याच वेळी लिलाववाल्यानं चौकटीतलं एक चित्र वर धरलं. मी बोली लावली. समोरून कुणी बोलेना. त्या शांततेत माझाच आवाज माझ्या कानात घुमत होता, आणि मला वाटलं की कुणीतरी माझ्यावर चढवतंय. म्हणून मी पुन्हा चढवली. लिलाववाला सज्जन होता. त्यानं माझी दुसरी बोली पहिलीच्या विरोधात मान्य केली आणि हातोडा आपटला.

घरी आलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती मनकर्णाबाई ओसरीत खुर्चीसाठी जागा झाडून बसल्या होत्या.

"खुर्ची कुठंय?" त्यांनी विचारलं.

"चित्र आणलंय."

"खुर्ची आणायला गेलते नं तुमी?"

"खुर्ची काय, कुणीही घेतं," मी म्हणालो. "ही कला आहे."

त्यांनी चित्र हातात घेतलं, उजेडाकडं धरलं. "कशाचं हाय?"

खरं सांगायचं तर मी ते तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. वरच्या भागात भडक केशरी आभाळ होतं. खाली हिरवंगार गवत. मधल्या पट्ट्यात धुक्यासारखा पांढरा रंग, आणि त्या पांढऱ्यात एक पांढरंच जनावर उभं होतं. जनावराच्या पाठीमागं एक गोल चक्र होतं. आणि खालच्या कोपऱ्यात गवतावर काळपट रंगानं काढलेली, तीन-चार वेटोळ्यांची एक खूण होती.

"कशाचं आहे याला महत्त्व नसतं," मी घसा खाकरून म्हणालो. "कुणाचं आहे, याला असतं. हे फार मोठ्या चित्रकाराचं आहे."

"कोणत्या?"

उलटतपासणी माझा व्यवसाय आहे, पण घरी मी कायम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असतो. "कोपऱ्यात सही आहे," मी म्हणालो. "तपासून सांगतो."

हे एक वाक्य मी बोललो नसतो तर चित्र माळ्यावर गेलं असतं आणि मी सुखात राहिलो असतो. पण मनकर्णाबाईंनी ते भिंतीवरून किशनरावांच्या कमलबाईंना सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत सेलूभर झालं की बन्सीधर वकिलाकडं फार मोठ्या चित्रकाराचं चित्र आलंय, फक्त चित्रकाराचं नाव अजून ठरायचंय.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर रीघ लागली. पहिले किशनराव आले. जनावराकडं त्यांनी कापसाचा नमुना पाहावा तसं डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "गाढव हाय."

"वासरू असेल," मी म्हणालो.

"वासराला असे कान नसतेत. गाढवच हाय. पन लय महाग गाढव हाय. आमाला खुर्ची स्वस्तात पडली."

मदरशातले मौलवीसाहेब चष्मा पुसत आले. खूण पाहताच म्हणाले की हे तर साफ उर्दू आहे. पहिलं वेटोळं म्हणजे 'हे', पुढचा 'मीम', शेवटचा 'दाल': हमीद. औरंगाबादेत हमीद नावाचे एक बुजुर्ग होते, ते चित्रं काढायचे की गंजिफाचे पत्ते विकायचे एवढंच त्यांना आठवत नव्हतं. ते बोलत असतानाच जुने पटवारी भुजंगराव आले. त्यांची हयात मोडीत गेलेली. ते म्हणाले, उर्दू कुठलं आलंय, ही घसटून काढलेली मोडी आहे आणि अक्षरं आहेत 'नागो'. मौलवीसाहेब उजवीकडून वाचत होते, भुजंगराव डावीकडून, आणि मधल्या वेटोळ्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा आवाज चढले. मी मध्यस्थीसाठी स्टेशनमास्तरांना बोलावलं. ते मद्राशी गृहस्थ. त्यांनी शांतपणे पाहून सांगितलं की ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, एस. जी., आणि असली सही त्यांनी मालगाडीच्या कागदांवर पुष्कळदा पाहिली आहे. आता तिघंही एकमेकांशी बोलेनात, आणि तिघांनाही चहा मात्र आमच्याच घरचा लागायचा.

"हमीद, नागो, यस्जी," मनकर्णाबाई कपबशा उचलताना म्हणाल्या. "तिघांनी मिळून एवढं एकच गाढव काढलं का?"

माझा स्वाभिमान दुखावला. शोध लावायचाच असं मी ठरवलं. भुजंगरावांनी तोड सुचवली, "दवंडी पिटवा. ज्यानं चित्र काढलं त्यानं येऊन भेटावं म्हनावं. मोठा असो का लहान, आपलं नाव निघालं की मानूस घरात बसत न्हाई."

आमच्या गावात दवंडीचं काम आश्रुबाकडं होतं. आश्रुबाचा आवाज चांगला, पण लांबलचक मजकूर त्याच्या डोक्यात टिकत नसे. मी त्याला तीन वेळा म्हणून घेतलं: बन्सीधर वकिलाच्या घरी जनावराचं एक उत्तम चित्र आलेलं आहे, ते ज्या कलावंतानं काढलं असेल त्यानं येऊन ओळख द्यावी, त्याचा योग्य सन्मान होईल. आश्रुबानं मान डोलावली आणि हलगी घेऊन बाजारात गेला. बाजाराच्या चौकात पोचेपर्यंत चित्र गळालं, कलावंत गळाला आणि सन्मानही गळाला. त्यानं दवंडी दिली ती अशी: "ऐका हो ऐका. वकिलाच्या घरी जनावर आलंय. ज्याचं आसंल त्यानं वळखून न्यावं."

त्या दिवशी बाजार होता. दुपारपर्यंत माझ्या दारात गाढव हरवलेले दोन कुंभार, वासरू चुकलेली एक म्हातारी आणि शेळी नाहीशी झालेला येडबा धनगर असे सगळे दाखल झाले. मी त्यांना समजावत होतो, ते माझ्या खांद्यावरून परसदारी डोकावत होते. कुंभारांना वाटलं वकील जनावर दडवतोय. येडबा समजूतदार होता. त्याला मी चित्रासमोर नेऊन उभं केलं. त्यानं खाली बसून ते बराच वेळ न्याहाळलं, चौकटीच्या मागं जाऊन पाहिलं, आणि उठून मान हलवत म्हणाला, "न्हाई मालक. माजी शेळी न्हाई ही. पन जनावर आजारी हाय. त्याला मीठ चाटवा."

दवंडीचा एक उपयोग झाला. दोन दिवसांनी दत्तराव पेंटर आले. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीचे पडदे ते रंगवत. मंडळी पोखर्णीच्या जत्रेत बुडाली तेव्हापासून ते मोकळेच होते. झुपकेदार केस, गळ्यात रेशमी रुमाल. चित्रापुढं उभे राहून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "माझंच आहे. ऐन तारुण्यातलं."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. "मग सही?"

"ती माझी त्या काळची सही. आता मी तशी करत नाही."

"आणि जनावर कोणतं?"

"ते मी पाहणाऱ्यावर सोडलंय," दत्तराव म्हणाले. एवढं उच्च उत्तर सेलूत त्यापूर्वी कुणी दिलं नव्हतं. मी त्यांना जेवायला ठेवून घेतलं. ते जेवले, झोपले, उठून चहा घेतला आणि राहिले. चित्राविषयी विचारलं की ते म्हणत, पुरणपोळी झाली की सगळं आठवतं. पुरणपोळी झाली. मग त्यांना आठवणी सांगण्यापेक्षा पुरावा देणं बरं वाटलं, आणि त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपल्या हातचा एक मोर काढला. मोर एवढा मोठा झाला की त्याचा पिसारा चुलीमागून सुरू होऊन देवघरापर्यंत पोचला. मनकर्णाबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "ह्यांना घालवा, न्हाईतर मी गंगाखेडला माहेरी जायलेय."

मी घालवणारच होतो. तेवढ्यात अमीनसाहेब आले.

गुलाम दस्तगीर हे आमच्या गावचे पोलीस अमीन, म्हणजे फौजदार. माणूस वाईट नव्हता, पण ते दिवस वाईट होते. त्या साली हैद्राबादेत निजाम सरकारविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता आणि वरून रोज हुकूम येत होते की डोळ्यांत तेल घालून राहा. चार माणसं एकत्र बसली तरी परवानगी लागायची. आणि माझ्या ओसरीवर तर गेले आठ दिवस चाळीस माणसं बसत होती.

"वकीलसाब, ये दवंडी किसकी इजाजत से पिटवाई?" अमीनसाहेबांनी विचारलं.

मी सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांची नजर भिंतीवरच्या चित्राकडं गेली. तिथंच थांबली. ते उठून जवळ गेले. बोटानं वरून खाली हवेत रेघ ओढत हळूच म्हणाले, "ऊपर केसरी. बीच में सफेद. नीचे हरा." मग बोट जनावरामागच्या चक्रावर आलं. "और ये चरखा."

ओसरीवर एवढी शांतता पसरली की किशनरावांची खुर्ची भिंतीपलीकडं कुरकुरलेली ऐकू आली.

एवढे दिवस चित्राकडं पाहत होतो, पण तिरंगा कुणाच्या मनात आला नव्हता. आणि आता एकदा सांगितल्यावर दुसरं काही दिसेचना. पुढं गाढव उभं केलेला तो साक्षात झेंडा होता.

"किसने बनाई?" अमीनसाहेबांनी विचारलं.

मी मोठ्या आशेनं दत्तरावांकडं पाहिलं. दत्तराव पेंटर भिंतीला टेकून उभे होते, ते एकदम सरळ झाले. "साहेब, मी जन्मात मोराशिवाय काही काढलेलं नाही," ते म्हणाले. "आत चला, दाखवतो." अमीनसाहेबांनी आत जाऊन मोर पाहिला, मापला, आणि कबूल केलं की ज्या हातानं हा मोर काढला त्या हातानं ते जनावर निघणं शक्य नाही. ते बाहेर आले तोवर दत्तराव परसदारानं गेले होते. पुढं ते कुठं कुणाच्या भिंतीवर आहेत, मला माहीत नाही.

मग अमीनसाहेबांनी सहीचा प्रश्न काढला. मौलवीसाहेब म्हणाले, नीट पाहिलं तर ही उर्दू वाटत नाही, बहुतेक मोडी असावी. भुजंगराव म्हणाले, छे, मोडीचा यात काही संबंध नाही, ही उर्दूच. स्टेशनमास्तरांची तेवढ्यात गाडी यायची वेळ झाली.

"मतलब बनाने वाला कोई नइ," अमीनसाहेब वहीत पाहत म्हणाले. "तस्वीर आपके घर में, दवंडी आपकी, लोगां आपके ओसरी पे. तो फिर आपइच बनाए."

"अमीनसाहेब, मला चित्र काढता येत नाही," मी म्हणालो.

"नइ आता?"

"अजिबात नाही."

"तो बनाके बताओ," ते म्हणाले.

कायद्याच्या दृष्टीनं हा मुद्दा विचित्र होता, पण मला तो सोयीचा वाटला. किशनराव आणि भुजंगराव यांना पंच म्हणून बसवलं. मी कागद घेतला आणि मन लावून एक बैल काढला. मुद्दाम वाईट काढायची गरज पडली नाही. काढून झाल्यावर मी विजयी मुद्रेनं कागद पंचांपुढं ठेवला.

किशनरावांनी कागद उचलला, भिंतीजवळ नेला आणि चित्राशेजारी धरला. तेच कान. तेच पोट. मागच्या पायांची तीच चाल, म्हणजे एक पाय सेलूकडं आणि एक परभणीकडं.

"वकीलसाहेब," किशनराव हळहळून म्हणाले, "हे तेच गाढव हाय हो."

स्वयंपाकघराच्या दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. नवरा तुरुंगात जायलाय म्हणून त्या रडत असतील असं मला वाटलं, पण खांदे ज्या तऱ्हेनं हलत होते त्यावरून खात्री देता येत नव्हती.

पंचनाम्यात लिहिलं गेलं: सदर वकिलानं पंचांसमक्ष काढलेला बैल आणि चित्रातलं गाढव एकाच हातचं दिसतं. खाली माझ्या शेजाऱ्याची सही.

प्रकरण तालुक्याला तहसीलदारांपुढं गेलं. तालुक्याचे मॅजिस्ट्रेटही तेच. मी बैलगाडीतून चित्र जुन्या वाकळीत गुंडाळून नेलं. वाटेत मला दुसरं काही सुचत नव्हतं. वकिलीची सनद गेली तर करायचं काय? भुजंगरावांनी निघताना धीर दिला होता की तुरुंगात सुशिक्षित माणसाला लिहिण्याचं काम देतात. त्या धीरानं माझी झोप गेली होती.

तहसीलदार मीर शुजाअत हुसेन हे पांढऱ्या दाढीचे, हळू बोलणारे गृहस्थ. नोकरीची बहुतेक वर्षं मराठवाड्यात गेल्यामुळं त्यांचं मराठी माझ्यापेक्षा मऊ झालं होतं. चपराशानं वाकळ सोडली आणि चित्र मेजाला टेकवून उभं केलं. तहसीलदारसाहेब ते पाहत राहिले. पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, खटल्याची मिसल वाचून दाखवली. 'गाढव' हा शब्द आला की साहेबांची भुवई थोडी हलायची. पंचनाम्यात तो पुष्कळदा आला होता.

"तुमचं म्हणणं काय?" त्यांनी मला विचारलं.

मी बचाव पाठ करून गेलो होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हुजूर, हे चित्र मी काढलेलं असणं शक्य नाही, कारण ते कुठल्याही डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं काढलेलं असणं शक्य नाही. हे पाय पाहा. तीन पाय एका जनावराचे आहेत, चौथा वाट चुकून आलेला आहे. या मानेत हाड नाही, आणि डोळा जिथं आहे तिथं डोळा असला तर जनावराला आपलाच कान तेवढा दिसेल.

"अजून?" तहसीलदारसाहेबांनी विचारलं.

त्यांचा आवाज उतरला होता, तो मी माझ्या वक्तृत्वाचा परिणाम समजलो. मी म्हणालो की राजद्रोह करायलाही काहीएक अक्कल लागते, आणि या चित्रकाराकडं ती असल्याचा पुरावा चित्रात कुठंच नाही. पेशकार खोकला. मी ती दाद समजून आणखी बोलत राहिलो. आमच्याकडं एका धनगरानं या जनावराला मीठ चाटवायचा सल्ला दिला, हेही सांगितलं.

तहसीलदारसाहेबांनी हात वर केला. पेशकाराला आणि चपराशाला बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर ते उठून चित्राजवळ गेले. मग चित्राकडं पाहत म्हणाले, "वकीलसाहेब, ती घोडी आहे."

"घोडी?"

"शबनम नाव होतं. माझी घोडी. दौऱ्यावर हिच्यावरच जायचो. परवाच्या उन्हाळ्यात मेली."

न विचारता मी स्टुलावर बसलो.

"आणि हे चक्र?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"शेपूट. माशी बसली की ती अशी फिरवायची." त्यांनी बोट हवेत गरगर फिरवून दाखवलं. "एवढ्या जोरात, की दिसायचीच नाही. मी जसं दिसलं तसं काढलं."

"आणि हुजूर, कोपऱ्यातली ही सही?"

"मी सही केलीच नाही." ते वाकून पाहायला लागले. मग जरा संकोचून म्हणाले, "वकीलसाहेब, ती घोडी तिथं फार वेळ उभी होती, आणि सकाळी पोटभर हरभरा खाल्लेला. तेव्हा मग… मी जसं दिसलं तसं काढलं."

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाला तेव्हा मी मनाशी ठरवलं की मौलवीसाहेबांना आणि भुजंगरावांना हे मरेपर्यंत कळू द्यायचं नाही.

"पेस्तनजी चहाला यायचे," तहसीलदारसाहेब सांगायला लागले. "दर वेळी या चित्रापुढं उभे राहून वाहवा करायचे. म्हणून त्यांना भेट दिलं. जाताना त्यांनी ते नेलं नाही, होय ना?" मी वाकळीची घडी घालायला लागलो. "लिलावात कुणी मागत होतं का?"

"मी मागितलं, हुजूर."

"कुणाच्या चढाओढीत?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "माझ्याच. माझ्या बोलीवर मीच बोली चढवली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. आपल्याच बोलीवर बोली चढवावी एवढं चित्र एखाद्याला आवडू शकतं, असा त्यांचा समज झाला. तो मोडायची माझी छाती झाली नाही. मगाशी चित्राला जे बोललो ते जीव वाचवायला बोललो, असंही त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं.

पण मिसल शिल्लक होती. सरकारच्याच तहसीलदारानं तिरंगा काढला असं वर कळलं असतं तर त्यांची पेन्शन गेली असती. आणि चित्रकार सापडला नाही असं लिहिलं तर वरून शोधाचा हुकूम आला असता. ते दाढी कुरवाळत फेऱ्या मारायला लागले. "चित्रकाराचं नाव तर लागेल," ते म्हणाले. "आणि पंचांचं म्हणणं तुमच्याविरुद्ध आहे."

"हुजूर, पण मी…"

"तुम्ही वकील आहात. पुरावा बघा."

मी पुरावा पाहिला. माझा बैल मिसलीला डकवलेला होता.

पेशकाराला आत बोलावून त्यांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. हे चित्र बन्सीधर वकील यांनी काढलं आहे, असं सिद्ध होतं. चित्रात संध्याकाळी गवतात उभी असलेली एक पांढरी घोडी आहे. तिच्यामागची गोल आकृती चरखा नसून शेपूट आहे. चित्रात आक्षेपार्ह काही नाही. इथं हुकूम संपायला हवा होता, पेशकारानं टाकही पुसला. पण साहेबांनी आणखी सांगितलं की चित्रकार नवखा असला तरी त्याच्या हातात दर्द आहे, घोडीची मान विशेष साधली आहे, आणि अशा माणसाचा गावानं आदर करावा.

मी खाली सही केली. चित्र काढल्याची कबुली आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवशी दिली आणि त्या एका सहीनं सेलूचा पहिला चित्रकार झालो.

गावात हुकूम वाचला गेला तेव्हा किशनराव म्हणाले, "मला तवाच वाटलं होतं. पन तुमी दवंडी कामून पिटवली, आपल्याच चित्राची?" मी त्यांच्यापुढं पानसुपारी सरकवली. लोकांनी ती कलावंताची विनम्रता समजली. गल्लीतल्या धुरपताबाई आपल्या मेलेल्या म्हशीचं चित्र काढून मागायला आल्या. मौलवीसाहेब आणि भुजंगराव यांनी एकमेकांशी समेट करून मला विचारलं की ती सही कोणत्या लिपीतली आहे. मी म्हणालो, ती मनातून आलेली आहे. मनकर्णाबाई त्या रात्री वाढताना एवढंच म्हणाल्या, "कदी सांगितलं न्हाईत मला," आणि मोराकडं पाहत बसल्या.

तहसीलदारसाहेब त्यानंतर सेलूकडं दौरा काढला की न चुकता आमच्याकडं चहाला येऊ लागले. चित्रासमोर बसायचे, आम्ही दोघंच असलो की शबनमच्या आठवणी सांगायचे. चारचौघांत मला म्हणायचे, "वकीलसाहेब, मागच्या पायात जरा घाई झाली तुमची."

"झाली, हुजूर."

"पण मान छान उतरलीय."

"हुजूरांची मेहेरबानी."

मग ते समाधानानं बशीत चहा ओतायचे. लोक म्हणायचे, वकिलाच्या कलेवर साहेबांचा किती जीव.

एकदा ते बसले असताना किशनरावही होते. चहा घेता घेता किशनराव सहज बोलून गेले, "हुकमात घोडी लिहिलंय ते बराबर, हुजूर. पन बगणाऱ्याला गाढवच वाटायलंय."

साहेबांचा कप ओठाशी थांबला. आणि मी, ज्यानं भर कचेरीत या जनावराचे पाय मोजले होते, तो उठून उभा राहिलो. म्हणालो, "किशनराव, तुम्ही आयुष्यात कापूस पाहिला, घोडी पाहिली नाही. ही शबनम. दौऱ्याच्या वाटेवर ओढ्याला पाणी असलं तरी मालकाचे जोडे भिजू न देणारी. माशी बसली तर शेपूट अशी फिरवायची की दिसायची नाही. एवढा जीव लावून ज्यानं हिला काढलं, त्याला पाय कुठं आणि कान कुठं हे बघायचं भान होतं, असं तुम्हाला वाटतं का?"

एवढा राग मला खऱ्या खटल्यातही कधी आला नव्हता. किशनराव ओशाळून म्हणाले, "तुमची घोडी होती हे मला म्हाईत नव्हतं, वकीलसाहेब." आणि चहा अर्धा टाकून उठून गेले.

तहसीलदारसाहेब खाली मान घालून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी रुमालानं नाक पुसलं आणि दारात उभ्या असलेल्या चपराशाला खूण केली.

"वकीलसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "घरी जागा नाही. बेगम म्हणते, अडगळ झालीय. आणि आता तुमचं नावही झालंय."

चपराशी बाहेर उभ्या बैलांच्या दमणीतून चौकटी उतरवायला लागला. एक आणली, भिंतीला लावली, पुन्हा गेला, आणखी दोन आणल्या. एकीत उंट होता, किंवा डोंगर. एकीत पुष्कळ माणसं कुठंतरी निघाली होती. ओसरी भरली तशा चौकटी माजघरात जायला लागल्या.

मनकर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चौकटींकडं पाहिलं, तहसीलदारसाहेबांकडं पाहिलं, आणि मग पदर सावरत अगदी साध्या आवाजात मला विचारलं, "ह्या बी तुमीच काढल्यात का?"

"हो," मी म्हणालो.